उभ्या गाडीचा ताप

मोटारगाडी तापल्याची गोष्ट शेतकऱ्याच्या घरी वाचायच्या साप्ताहिकात कशाला, असे कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. परंतु आता खेड्यापाड्यांत बैलांच्या गोठ्याशेजारी ट्रॅक्टर उभा असतो, खळ्यावर मळणी यंत्र चालते, आणि एखाद्या दारात जुनी जीप किंवा लहान मोटारही असते. जनावर आजारी पडले तर काय पाहावे हे आपल्या घरच्या बायाबापड्यांनाही कळते. इंजिन आजारी पडले की मात्र आपण मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहत बसतो. मीही तसाच बसलो होतो. त्यातून जे शिकलो ते आज सांगणार आहे, आणि त्याबरोबर आमच्या भंडारा जिल्ह्यातला एक रस्ताही दाखवणार आहे.

गोष्ट २००७ सालच्या मे महिन्याची. मी तेव्हा पस्तिशी ओलांडलेला कृषी विस्तार अधिकारी होतो. तुमसर रोड स्टेशनच्या बाजूला एका खेड्यात आम्ही राहत होतो. आदल्या वर्षी एक जुनी लहान पेट्रोल मोटार विकत घेतली होती. आईचे माहेर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अड्याळच्या बाजूला वैनगंगेच्या काठी. ते गाव गोसीखुर्द धरणाच्या बुडित क्षेत्रात गेले होते. पवनीजवळच्या या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली होती. त्याला आता एकोणीस वर्षे होऊन गेली होती. गावातली काही घरे उठली होती, काही उठायची होती. आईचे गुडघे धरलेले. एस.टी.तून उतरून फाट्यापासून चालत जाणे तिला शक्य नव्हते.

एक दिवस ती म्हणाली, "बाबू, पाणी यायच्या आंधी एकदा गाव दाखव गा. घरोघरी भेटून येतो."

मी म्हटले, नेतो. पण मनात धाकधूक होती, कारण गाडीला एक खोड लागली होती. ती तापत असे.

मिस्त्रीने काय केले

निघण्याच्या आठ दिवस आधी मी गाडी एका मिस्त्रीकडे नेली. "तापते" एवढेच सांगितले. त्याने रेडिएटर काढून धुतला, थर्मोस्टॅट काढून फेकला, "आपल्या गरम मुलखात याची गरज नाही" म्हणाला, आणि अडीच हजारांच्या वर बिल केले. मग मला शेजारी बसवून हमरस्त्यावर दहा किलोमीटर गाडी पळवून आणली. काटा अर्ध्यावरही गेला नाही. दोघेही खूश झालो. त्या दिवशी एक गोष्ट आमच्या दोघांच्याही लक्षात आली नाही. आम्ही गाडी पळवून पाहिली, उभी करून पाहिलीच नाही.

फाटक

ठरल्या दिवशी पहाटे निघायचे ते आवराआवरीत साडेसात वाजले. आई पुढे बसली, आमच्या सौभाग्यवती मागे. मांडीवर दशम्यांचा डबा आणि पाण्याची कॅन. घरून निघाले की पहिल्यांदा रेल्वेचे फाटक लागते. हा हावडा-मुंबई लोहमार्ग, त्यामुळे मालगाड्यांची वर्दळ फार. फाटक बंद होते. एक मालगाडी गेली, दुसरी यायची होती. "आता उघडेल, आता उघडेल" म्हणून मी इंजिन चालूच ठेवले. पाचसात मिनिटांनी काटा चढू लागला. दहाव्या मिनिटाला बॉनेटमधून वाफ निघाली.

इथे मी शहाण्या माणसाने करू नये ते केले. उतरलो, गमछा हातावर गुंडाळला आणि रेडिएटरचे झाकण फिरवले. उकळते पाणी कारंज्यासारखे उडाले आणि मनगट भाजले. घरातल्या बायकांना हे लगेच समजेल. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकरच आहे. झाकणाच्या स्प्रिंगमुळे आत दाब राहतो, आणि त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांवर न उकळता आणखी सुमारे वीस अंश वर जाऊन उकळते. कुकरची शिटी होऊन वाफ जिरल्याशिवाय कोणी झाकण उघडते का? पण बॉनेट उघडले की पुरुषमाणसाला तेवढा धीर राहत नाही.

आई म्हणाली, तूप लाव. सौभाग्यवतींनी मात्र तूप लावू दिले नाही. कॅनमधले साधे पाणी त्या मनगटावर पंधरावीस मिनिटे सोडत राहिल्या. ते बरोबर होते. भाजल्यावर तूप, हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. साधे गार पाणी सोडावे, आणि भाजणे मोठे असेल तर दवाखाना गाठावा.

अर्ध्या तासाने इंजिन निवले. वरचा रबरी पाईप हातात धरवू लागला तेव्हा पाणी भरले आणि निघालो. गंमत अशी की गाडी रस्त्याला लागली आणि दोनतीन किलोमीटरांत काटा जागेवर आला.

मोहाडी ते भंडारा

मोहाडीला चौंडेश्वरीच्या देवळापाशी आईने थांबायला सांगितले. या बाजूला येऊन देवीला हात न जोडता जाणे तिला पटणारे नव्हते. या वेळी मी इंजिन बंद केले. दर्शन होऊन परत आलो आणि चावी फिरवली, तर काटा आधीपेक्षाही वर! हे का होते ते पुढे कळले. इंजिन बंद केले की पंप थांबतो, पाणी फिरत नाही, पण लोखंडातली उष्णता तिथेच असते. ती साचलेल्या पाण्यात उतरते. म्हणून तापलेले इंजिन बंद केल्यावर पहिली काही मिनिटे काटा वरच चढतो. त्याने घाबरून जाऊ नये.

मोहाडीपासून पुढे दोन्ही अंगांनी धानाच्या बांध्या. मे महिन्यात बहुतेक बांध्या भेगाळलेल्या असतात. जिथे नहराचे किंवा विहिरीचे पाणी आहे तिथेच तेवढे उन्हाळी धान उभे दिसते. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारीच्या काळात बांधलेले शेकडो तलाव अजून इथल्या धानाला पाणी पाजतात. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तलावांचीही वाटणी झाली. तरी आमच्याकडे गाव म्हटले की एक तलाव आणि एखादी बोडी असतेच.

वरठीला पोलादाच्या कारखान्याची धुराडी दिसली आणि थोड्याच वेळात भंडारा आले. पितळी भांड्यांसाठी हे शहर जुन्या काळापासून नावाजलेले. आमच्या आईच्या लग्नातली घागर भंडाऱ्याचीच. ती तिने त्या दिवशी दोनदा सांगितले. मी मात्र तिच्या बोलण्याकडे लक्ष न देता काट्याकडे पाहत होतो. लग्नसराईचे दिवस, बाजारात गर्दी, गाडी पावला-पावलाने पुढे सरकत होती, आणि काटा पुन्हा तांबड्या रेघेकडे निघाला होता. कसाबसा बाजूला घेतला, बंद केली, पुन्हा अर्धा तास बसलो. ऊन चढले होते.

सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, परत फिरायचे का? आत्यांना ऊन लागेल."

मी आईकडे पाहिले. ती म्हणाली, "परत चाल म्हनशीन तं चालू बाबू." एवढेच. ती रागावली असती तर बरे झाले असते.

मी गाडी पुढे काढली.

कारध्याचा पूल

भंडाऱ्याहून पवनीकडे जायचे तर आधी कारध्याला वैनगंगा ओलांडावी लागते. उन्हाळ्यात नदी एका बाजूला सरकलेली असते आणि उरलेल्या वाळूत टरबूज-डांगरांच्या वाड्या असतात. पुलावर वारा होता. आई खिडकीतून नदीकडे पाहत म्हणाली, "हेच पाणी तिकडे जाते." आम्ही कोणी काही बोललो नाही.

पूल ओलांडून पवनीच्या रस्त्याला लागलो. रस्ता मोकळा, गाडी चाळीस-पन्नासच्या वेगाने चालू, आणि काटा अगदी शहाण्यासारखा अर्ध्याच्या खाली. मला आता भीती होती ती शेवटच्या टप्प्याची. गावात गेल्यावर गाडी घरोघरी न्यायची होती. गल्लीबोळांतून माणसाच्या चालीने चालायचे आणि दारोदारी थांबायचे. आणि ही गाडी नेमके तेच सहन करीत नव्हती.

पहेल्याच्या बाजूला रस्त्यालगत एका खळ्यावर उन्हाळी धानाची मळणी चालू होती. मोहाच्या झाडाची सावली दाट होती. मी गाडी तिथे वळवली, निवू द्यावी म्हणून.

खळ्यावरचा प्रश्न

मळणी यंत्राला जोडलेला ट्रॅक्टर एका जागी उभा राहून धडधडत होता. भुसा आणि धूळ यांचे ढग उठत होते. साठीच्या पुढचे एक शेतकरी तोंडाला दुपट्टा बांधून उभे होते. आमची वाफाळलेली गाडी पाहून त्यांनी मजुरांना हात केला, ट्रॅक्टर बंद करवला आणि आले. आईला बसायला पोते टाकले, माठातले पाणी दिले. मग मला विचारले,

"साहेब, गाडी उभी असतानी तापते का चालतानी?"

मी म्हटले, "काकाजी, उभी असली की तापते. चालायला लागली की गार होते."

"मंग पान्याचा दोष नाही जी. हवेचा आहे."

हे ऐकून मला आतून शरम वाटली. का ते सांगतो. शेतकरी माझ्याकडे येऊन म्हणतो, "साहेब, झाड माना टाकते." तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, "केव्हा टाकते?" दुपारी माना टाकून संध्याकाळी ताठ होणारे झाड उन्हाच्या मानाने पाणी कमी पडते म्हणून सुकते. पहाटेच्या गारव्यातही मान खाली असेल तर मुळाशी किंवा खोडात रोग आहे. धान पिवळे पडले तर मी विचारतो, जुने पान आधी पिवळे पडले की नवे? जुने असेल तर नत्राची शंका घ्यायची, नवे असेल तर लोह किंवा गंधकाची. औषधाची बाटली हातात घेण्याआधी "केव्हा" आणि "कुठे" विचारायचे, हे अकोल्याच्या कृषी महाविद्यालयात शिकलो आणि गावोगाव शिकवत फिरलो. स्वतःच्या गाडीला मात्र तो प्रश्न मी विचारला नव्हता. मिस्त्रीनेही विचारला नव्हता.

काकाजींना हे ज्ञान फुकट मिळाले नव्हते. आदल्या वर्षी मळणीच्या ऐन हंगामात त्यांचा ट्रॅक्टर असाच उभ्याने चालू असताना तापला. रेडिएटरच्या जाळीवर भुशाचा थर बसला होता, तो कोणी पाहिला नाही. हेड गॅस्केट उडाले, हेड वाकडे झाले. दुरुस्तीला पंधरवडा गेला. तेवढ्यात अवकाळी पाऊस आला आणि पुंजण्यातले धान खालून उगवून आले. "इंजिनाचे पैसे गेले त्याचे काही नाही साहेब," ते म्हणाले, "धान गेले ते लागले." तेव्हापासून दर तासाला ट्रॅक्टर बंद करून जाळी झाडल्याशिवाय ते मळणी पुढे चालू देत नाहीत. आमच्यासाठी बंद केला तेव्हाही त्यांच्या मुलाने आधी जाळीच झाडली.

पाणी आणि वारा यांची वाटणी

त्या सावलीत बसून जे उमगले ते सोप्या भाषेत असे. इंजिनात जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश कामाला येते, एक तृतीयांश धुराड्यातून जाते आणि उरलेली लोखंडाला तापवते. ती पाणी उचलते आणि रेडिएटरपर्यंत आणून सोडते. तिथून पुढे ती न्यायचे काम वाऱ्याचे. पाणी हमाल असले, तर वारा म्हणजे गाडीवान. हमालाने पोती फाट्यावर आणून टाकली आणि बैलगाडी आलीच नाही, तर थप्पी लागणारच.

गाडी पळत असते तेव्हा समोरचा वारा आपोआप जाळीतून जातो. पंखा बंद असला तरी चालून जाते. उभ्या गाडीला वारा देणारा एकटा पंखाच. म्हणून उभ्याने तापणारी आणि पळताना निवणारी गाडी असेल तर पहिला संशय पंख्यावर आणि जाळीवर. याच्या उलट, गावात ठीक चालते पण वेगात किंवा भार ओढताना तापते अशी गाडी असेल, तर पाणी कमी आहे, रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने बुजल्या आहेत किंवा थर्मोस्टॅट अडकला आहे, अशी शंका घ्यावी. दोन्हीकडे तापत असेल तर पंप, गॅस्केट, झाकण सगळेच तपासावे लागते.

आम्ही बॉनेट उघडले. इंजिन चालू केले, काटा चढू दिला. काटा तांबड्याजवळ आला तरी पंखा गप्प. लगेच इंजिन बंद केले. लहान मोटारींत हा पंखा पट्ट्यावर नसतो, बॅटरीवर फिरतो. पाण्याच्या वाटेवर एक लहानसा पितळी स्विच बसवलेला असतो. पाणी नव्वद-पंचाण्णव अंशांच्या आसपास गेले की तो आतून जुळतो आणि पंखा सुरू होतो. काकाजींच्या मुलाने आधी फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग स्विचवरचे प्लग काढले आणि त्याच्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने एकमेकींना जोडल्या. चावी फिरवताच पंखा भर्रकन फिरू लागला.

म्हणजे पंख्याची मोटर चांगली, फ्यूज चांगला, वायरी चांगल्या. मेला होता तो बोटाएवढा स्विच. अडीच हजारांचे काम करून घेतले होते, पण दोष राहिला होता शे-दीडशेच्या वस्तूत. तार जोडूनही पंखा फिरला नसता, तर बॅटरीवरून पंख्याला सरळ वीज देऊन पाहायची. तरीही न फिरल्यास मोटर जळाली असे समजायचे, आणि सरळ विजेवर फिरला तर रिले किंवा मधली वायर शोधायची. एका वेळी एकच गोष्ट तपासायची. खत आणि औषध एकदम टाकले तर गुण कशाचा ते कळत नाही, तसेच हे.

जाळीचीही तीच तऱ्हा होती. वर्षभर धानाच्या गावांतून फिरून भुसा आणि किडे पापुद्र्यांत गच्च बसले होते. मिस्त्रीने आतून पाणी घालून धुतला होता, बाहेरून पाहिले नव्हते. मऊ ब्रशने आणि इंजिनाच्या बाजूने बाहेर, असे हळू पाणी मारून ते काढले. जोराची धार मारली तर पापुद्रे वाकतात आणि वारा कायमचा बंद होतो.

शेवटची परीक्षा काकाजींनी घेतली. कोणाची तरी लग्नपत्रिका खळ्यावर पडली होती. ती त्यांनी गाडीच्या पुढच्या जाळीला लावून हात सोडला. पत्रिका चिकटून राहिली. "वारा आत ओढते, बरोबर आहे," म्हणाले. पंख्याच्या वायरी कोणी उलट जोडल्या तर तो उलटा फिरतो आणि वारा बाहेर फेकतो. पंखा फिरताना दिसतो पण गाडी तापतेच. कागद चिकटला नाही तर तो दोष समजावा.

तारेचा तुकडा रबरी नळीत गुंडाळून नीट बांधला, म्हणजे चावी चालू आहे तोवर पंखा फिरत राहील. मग वीस मिनिटे गाडी तशीच उभ्याने चालू ठेवली. आई डोळ्यांवर हात धरून लांबून विचारीत होती, "काटा कुठे आहे गा?" काटा अर्ध्याच्या खाली होता. काकाजींनी पैसे घेतले नाहीत. निघताना आईला म्हणाले, "जाऊन या मायजी, आता गाडी थांबवत नाही तुम्हाले."

माणसाच्या चालीने

फाट्यावरून आत वळलो. गाव आले. काही घरांची कौले उतरवलेली, भिंतींवर मोजणीचे आकडे, एका ओसरीवर दारे-खिडक्या रचून ठेवलेल्या, नव्या गावठाणात न्यायला. काही घरी मात्र अजून चुली पेटत होत्या.

आईने पहिले दार दाखवले, दुसरे दाखवले. गाडी माणसाच्या चालीने चालत होती. प्रत्येक दारापुढे थांबायची, कोणी म्हातारी बाहेर यायची, दोघी एकमेकींचे हात धरून बोलायच्या. आई गाडीतच बसून, दार उघडे. मोडलेल्या घरांपुढेही तिने थांबवले. तिथे कोणी येणारे नव्हते. ती फक्त नाव घ्यायची, "हे अमक्याचे", आणि थोड्या वेळाने म्हणायची, "चाल." पंखा फिरत होता. त्याचा आवाज मला त्या दिवशी जितका गोड वाटला तितका नंतर कधी वाटला नाही.

दीड तास आम्ही त्या लहानशा गावात होतो. शेवटी नदीकडच्या बाजूला तिच्या बापाचे घर होते. तिथे मी इंजिन बंद केले, आणि तिला धरून खाली उतरवले. ती ओट्यावर बसली. पाणी मागितले, ते मामेभावाच्या घरून आले. परतताना रस्ताभर ती बोलली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "झालं बाबू. सर्वे भेटले."

पुढे २००९ साली गोसीखुर्दला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. नंतर टप्प्याटप्प्याने पाणी अडवले गेले. आईचे माहेर त्या पाण्याखाली आहे. आई २०१४ साली गेली. मी नोकरीच्या निमित्ताने त्या रस्त्याने अजून जातो. धरणाच्या पाण्याने खालच्या भागात शेते भिजतात, हेही खरे आहे, आणि ती गावे गेली, हेही खरे आहे.

घरच्यांनी ध्यानात ठेवावे असे काही

आता आपल्या उपयोगाचे. कात्रण काढून ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवले तरी चालेल.

१) गाडी किंवा ट्रॅक्टर तापला तर आधी ठरवा, उभ्याने तापतो, वेगात तापतो, की भार ओढताना तापतो. मिस्त्रीकडे गेल्यावर हेच पहिल्यांदा सांगा, आणि दुरुस्तीनंतर ज्या स्थितीत तापत होता त्याच स्थितीत चालवून घ्या.

२) वाटेत काटा चढू लागला तर सगळा भार काढा. मोटारीत गरम हवेचा हीटर असेल तर तो पूर्ण चालू करून खिडक्या उघडा. इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाते. अंग भाजून निघेल, पण इंजिन वाचेल. काटा तांबड्यात गेला तर मात्र बाजूला घेऊन बंदच करा.

३) तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. निदान अर्धा तास थांबावे. उकळत्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतू नये, हेड तडकते.

४) ट्रॅक्टरचा पंखा बहुधा पट्ट्यावर असतो. इंजिन बंद करून पट्टा मधोमध अंगठ्याने दाबावा. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरहून जास्त खाली जात असेल तर सैल आहे. पट्टा सैल झाला की पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही मंदावतात. मळणी, चुरणी, पंप चालवणे अशा उभ्याच्या कामांत दर तासाला इंजिन बंद करून जाळी झाडावी.

५) थर्मोस्टॅट काढून टाकू नये. बिघडला तर नवा बसवावा. तो नसेल तर इंजिन बराच वेळ थंड चालते, तेल जास्त खाते आणि लवकर झिजते. मी नंतर नवा बसवून घेतला, स्विचही नवा बसवला.

६) विहिरीच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार धरतो. कंपनीने सांगितलेले कूलंट सांगितलेल्या प्रमाणात घालावे. पण हे कूलंट चवीला गोड आणि विषारी असते. काढलेले कूलंट अंगणात, नालीत किंवा उघड्या घमेल्यात सोडू नये. वासरू, कुत्रा किंवा लहान मूल प्याले तर जीव जातो.

७) बॅटरीवरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू शकतो. हात घालण्याआधी बॅटरीची एक वायर सोडावी. पट्ट्याजवळ पदर, दुपट्टा, सैल बाही नेऊ नये.

८) हल्लीच्या नव्या गाड्यांत पंखा लहानशा संगणकावर चालतो. त्यांत तारेचे जोड देऊ नयेत, जाणत्याकडेच न्यावे. "उभ्याने तापते" एवढे सांगितले तरी त्याचे निम्मे काम होते.

९) पाणी वारंवार कमी होते पण गळती दिसत नाही, धूर पांढरा येतो, इंजिनाचे तेल दुधाळ झाले आहे, अशी लक्षणे असतील तर गॅस्केट गेले असे समजून गाडी चालवणे थांबवावे.

त्या काकाजींना मी पुढे दरवर्षी मळणीच्या दिवसांत भेटत असे. धानाच्या नव्या वाणांची माहिती त्यांना देई. बी.एस्सी. झालेल्या साहेबाला आपण काही शिकवले हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. एकदा आठवण काढली तेव्हा म्हणाले, "त्यात काय जी, इचारलं नाही तं गाडी सांगन कशी?"